घेवड्याला शेणखत आणि रासायनिक खत एकत्र: खरीप ते उन्हाळी अनुभव

आमचं रान सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात. हलकं ते मध्यम, मधेमधे चुनखडीचे पट्टे. खरिपात वाघ्या घेवडा (राजम्याचाच प्रकार, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला तोच) आणि विहिरीला पाणी टिकलं तर उन्हाळ्यात फरसबी. दोन्ही पिकं निघाली, म्हणून आता लिहितो.

आधी मुद्द्याचं. घेवडा द्विदल असला तरी सोयाबीनसारखं स्वतःचं नत्र स्वतः मिळवत नाही. बियाण्याला रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) चोळलेलं होतं, तरी फुलोऱ्याआधी रोप मुळासकट काढून धुतलं तेव्हा गाठी मोजक्याच, बारीक. नखाने फोडल्या तर आतून पांढरट. बांधापलीकडच्या सोयाबीनच्या गाठी टपोऱ्या, आतून गुलाबी. गुलाबी गाठच कामाची. त्यामुळे ‘कडधान्याला युरिया कशाला’ हे घेवड्याला लागू नाही. नुसतं शेणखतही पुरत नाही. टनभर शेणखतात नत्र साधारण 5 किलो, त्यातलं बरंचसं पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागत नाही. अडीच महिन्यांत निघणारं पीक वाट बघत बसत नाही.

आम्ही एकरी दिलं ते असं: पूर्ण कुजलेलं शेणखत 4 टन, सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत, पुढे नुसतं ‘सुपर’) 3 पिशव्या, युरिया 1 पिशवी. युरिया अर्धा पेरताना, उरलेला तीन-साडेतीन आठवड्यांनी खुरपणी झाल्यावर, जमिनीत ओल बघून. माती परीक्षणात पालाश भरपूर निघालं, म्हणून पोटॅश टाकलं नाही.

सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला म्हणाल तर सुपर शेणखतात कालवून देण्याचा. चुनखडीच्या रानात स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. शेणखतात मिसळून सरीत टाकलं की ते मातीत थेट कमी मिसळतं, जास्त दिवस लागू राहतं. शिवाय सुपरमधून गंधक मिळतं ते वेगळंच. ज्या पट्ट्यांत पूर्वी रोपं खुजी राहायची, तिथे या वेळी वाढ एकसारखी होती.

शेजारी एक पट्टा मुद्दाम नुसत्या रासायनिकवर ठेवला होता. पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला, वर ऊन पडलं आणि त्या पट्ट्यात मातीची पापडी धरली. घेवडा दोन्ही दलं डोक्यावर घेऊन जमिनीबाहेर येतो. पापडी कडक असली की मान मोडते. तिथे बऱ्याच नांग्या, म्हणजे ओळीत रिकाम्या जागा, पडल्या. शेणखताच्या रानात माती बोटाने मोकळी होत होती, उगवण दाट आली. उन्हाळ्यात फरसबीला हाच फरक ओल टिकण्यात दिसला: दुपारी पानं उशिरा मलूल व्हायची आणि शेवटच्या तोड्यांतही शेंगा सरळ होत्या. रासायनिक पट्ट्यात तोवर शेंगा वाकड्या व्हायला लागल्या होत्या.

जिवामृतही (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) दिलं. माझं स्पष्ट मत, ते नत्राची जागा घेत नाही. मातीसाठी चांगलं आहे, जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर घेवड्याचा युरिया बंद करू नका. उलट युरिया वाढवलात तर पाला माजतो, मावा येतो आणि शेंगा कमी लागतात.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, मग सावलीत सुकवून लगेच पेरणी. क्रम उलटा नको. अर्धवट कुजलेलं शेणखतही नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) त्यातूनही रानात येते.

तक्रार एकच, आणि ती दुकानाची. युरियाच्या पिशवीची सरकारी किंमत 266 रुपये 50 पैसे, पण ऐन हंगामात दुकानदाराने त्यासोबत नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारली. हे लिंकिंग बेकायदा आहे. पक्की पावती मागा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

शेणखत सगळ्यांकडे एवढं नसतं, याची कल्पना आहे. कमी असेल तर रानभर विस्कटू नका. जेवढं आहे तेवढं सुपरमध्ये कालवून पेरणीच्या ओळीतच द्या.