भाड्याची गाडी परत करताना मडगाव स्थानकावर झालेली आमची फसवणूक

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मडगाव रेल्वे स्थानकाच्या आवारात भाड्याची गाडी परत देताना, आमच्या हातून न पडलेल्या एका ओरखड्यापोटी आमच्याकडून साडेनऊ हजार रुपये घेण्यात आले. त्यातले पाच हजार अनामत रकमेचे होते आणि साडेचार हजार तिथेच, रेल्वे सुटायला वीस मिनिटे उरलेली असताना, मोबाइलवरून द्यावे लागले. कुलदैवताच्या दर्शनासाठी किंवा सुटीसाठी गोव्याला जाऊन स्वतः चालवायची गाडी घेणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि जे आमच्या बाबतीत घडले ते त्यांच्याही बाबतीत सहज घडू शकते, म्हणून हा सगळा प्रकार क्रमाने लिहीत आहे.

आमचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. आईचे वय अठ्ठ्याहत्तर असल्यामुळे बसने किंवा दर वेळी नवी टॅक्सी शोधत फिरणे शक्य नव्हते, आणि कवळे, मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी अशी फोंडा परिसरातली सगळी देवळे तिला सवडीने पाहायची होती. ओळखीतल्या एकाने दिलेल्या मोबाइल क्रमांकावर मी पाच दिवसांची गाडी ठरवली. दिवसाला अठराशे रुपये भाडे आणि पाच हजार अनामत, असे बोलणे झाले. पावती, करारपत्र किंवा व्यवसायाचे नाव यांपैकी काहीही मी मागितले नाही, ही माझी पहिली चूक.

पुण्याहून निघालेल्या गोवा एक्सप्रेसने आम्ही मडगावला उतरलो तेव्हा अजून उजाडायचे होते. गाडी घेऊन आलेला तरुण अदबीने वागला, आईची पिशवी त्याने स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवली, आणि मग म्हणाला, ‘‘साहेब, एक ओरिजिनल आयडी ठेवावा लागेल, गाडी परत दिली की लगेच मिळेल.’’ मी पत्नीचे आधार कार्ड त्याच्या हाती दिले. पार्किंगच्या त्या कोपऱ्यात दिवा नव्हता. मोबाइलच्या उजेडात मी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दारावरचा एक पोचा त्याला दाखवला, त्यावर तो ‘‘ते जुनेच आहे, काळजी करू नका’’ असे म्हणाला आणि आम्ही निघालो. गाडीची पाटी पांढरी होती, म्हणजे ती खासगी वापरासाठी नोंदलेली होती. ते मला दिसले होते, पण त्याचा अर्थ त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही.

पाच दिवस उत्तम गेले. बोरीचा पूल ओलांडून फोंड्याकडे जाताना, देवळांच्या आवारात, एक दिवस पाळोळ्याच्या किनाऱ्यावर, कुठेही गाडीला काही लागले नाही. मी पंचवीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि दुसऱ्याची वस्तू हातात असली की जास्तच जपून चालवतो, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो.

परतीची गोवा एक्सप्रेस दुपारी साडेतीननंतरची होती. गाडी दीड वाजता स्थानकावर परत द्यायची असे ठरले होते. आम्ही सव्वा वाजताच पोहोचलो, आईला सावलीत बाकावर बसवले आणि वाट पाहू लागलो. दीड वाजला, दोन वाजले. फोन केला की ‘‘पाच मिनिटांत पोचतो’’ एवढेच उत्तर येई. तो आला तेव्हा तीन वाजायला आले होते, आणि या वेळी त्याच्यासोबत आणखी दोघे होते.

पहाटेच्या अंधारात ज्याने गाडीकडे पाहिलेही नव्हते, तो आता सरळ पुढच्या डाव्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला आणि बंपरच्या खालच्या कडेला त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. शोधाशोध त्याला करावीच लागली नाही. त्या कडेवर बोटभर लांबीचे तीन समांतर ओरखडे होते. मी खाली वाकून त्यांतल्या एकावरून नख फिरवले, तेव्हा नखात पांढरी भुकटी आली. ती काय आहे याचा विचार करायला मला सवडच मिळाली नाही, कारण तोपर्यंत हिशेब सुरू झाला होता. नव्या बंपरचे नऊ हजार, गाडी दोन दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहील म्हणून दोन दिवसांचे भाडे तीन हजार सहाशे, पेट्रोलचा काटा खाली आला म्हणून आठशे आणि वाळू झाली म्हणून धुण्याचे एक हजार, असे एकूण चौदा हजार चारशे रुपये त्याने मागितले. पेट्रोल आम्ही वाटेतच भरले होते आणि काटा होता तिथेच होता. पण निघताना काट्याचा फोटो काढलेला नसल्यामुळे ते सिद्ध करण्याचा माझ्याजवळ काही मार्ग नव्हता.

मी पोलीस चौकीत जाऊ म्हटले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘चला ना साहेब. पण गाडी प्रायव्हेट आहे, चालवत तुम्ही होता. तिथे दोन तास जातील, तुमची ट्रेन जाईल.’’ त्याच्याबरोबरच्या एकाच्या खिशात पत्नीचे आधार कार्ड होते आणि पैसे मिळाल्याखेरीज ते मिळणार नाही असे तो सरळ सांगत होता. फलाटावर गाडीची घोषणा होऊ लागली. आईला जिना चढवून पलीकडे न्यायचे होते. ती बाकावरूनच म्हणाली, ‘‘अरे, देऊन टाक त्याला काय हवंय ते, गाडी चुकेल.’’ शेवटी त्याने पेट्रोल आणि धुण्याचे पैसे ‘सोडले’, एक दिवसाचे भाडे ‘सोडले’, आणि त्याहूनही थोडे खाली उतरून, मोठे औदार्य दाखवल्याच्या आविर्भावात नऊ हजार पाचशेवर व्यवहार आणला. पैसे ज्या खात्यात गेले ते कुणा व्यक्तीच्या नावाचे होते, व्यवसायाच्या नव्हे. पावती मागितली तेव्हा ‘‘व्हॉट्सअॅपवर पाठवतो’’ असे तो म्हणाला. ती कधीच आली नाही. निघताना मी एवढेच केले की त्या ओरखड्यांचा आणि पाटीचा एकेक फोटो काढून ठेवला.

रेल्वे कुळें सोडून घाटात शिरली तेव्हा मुलीने तो फोटो मोठा करून पाहिला. ओरखड्यांच्या खाचांमध्ये पांढरी, वाळलेली रेघ स्पष्ट दिसत होती. ती पॉलिशची होती. गाडी पॉलिश करताना खोलगट जागी जे साचते आणि कापडाने पुसूनही निघत नाही, ते वाळून तिथेच बसलेले होते. म्हणजे गाडीला शेवटचे पॉलिश झाले त्याच्याही आधीपासून ते ओरखडे होते, आणि आमच्या पाच दिवसांत तर गाडीला ओले फडकेही लागले नव्हते. मग मुलीने पहिल्या दिवसाचे फोटो चाळले. गाडी ताब्यात घेतल्यानंतर तासाभरातच आम्ही चहाला थांबलो होतो, तिथे आजी गाडीतून उतरतानाचा तिने काढलेला एक फोटो होता, आणि त्यात खाली डाव्या कोपऱ्यात तेच तीन ओरखडे दिसत होते. मी लगेच फोन लावू लागलो, पण घाटातल्या बोगद्यांमध्ये रेंज नव्हती. लोंढ्याच्या पुढे दोन्ही फोटो पाठवले. त्याने ते पाहिल्याची खूण उमटली आणि त्यानंतर माझा क्रमांक ब्लॉक झाला.

नंतर मी या विषयाची जेवढी माहिती मिळवली, तेवढी ती जाण्याआधी मिळवली असती तर हे टळले असते. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारींसाठी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली १९८९ साली रेंट-अ-कॅब योजना आली, आणि तिच्यानुसार या धंद्याला परवाना लागतो. त्या योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असण्याची अट आहे. त्यामुळे चार-पाच गाड्या घेऊन स्थानकाबाहेर भेटणारा माणूस स्वतः परवानाधारक असण्याची शक्यता जवळजवळ नसते, फार तर तो दुसऱ्या कुणाच्या परवान्याखाली काम करत असेल, आणि तसे असल्यास त्या परवानाधारकाचे नाव विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. रीतसर भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते आणि खासगी विम्यात भाड्याने दिलेली गाडी धरली जात नाही, म्हणजे खरोखर अपघात झाला असता तर ओरखड्यांपेक्षा कितीतरी मोठे संकट आमच्यावर आले असते. एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की ती कोणत्या वर्गात नोंदली आहे आणि विम्याची मुदत कधी संपते हे दोन मिनिटांत कळते. मी ते पुण्याला परतल्यावर पाहिले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवायला गेलो, तेव्हा ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचे नाव आणि पत्ता माझ्याकडे नाही हे पहिल्याच मिनिटाला उघड झाले. माझ्याकडे एक मोबाइल क्रमांक, एका खासगी खात्याचे नाव आणि गाडीची पाटी एवढेच होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पण समोरचा पक्ष कोण हे कागदावर नसेल तर या सोयींचा उपयोग फारच थोडा होतो, आणि पावती न घेण्याची खरी किंमत मला तिथे कळली.

माझ्या मते या फसवणुकीतली कोणतीच गोष्ट ऐन वेळी सुचलेली नव्हती. गाडी अंधारात देणे, मूळ ओळखपत्र ठेवून घेणे, परत घ्यायला मुद्दाम उशिरा येणे आणि आधीपासून ठाऊक असलेल्या ओरखड्यावर नेमका टॉर्च लावणे, हे सगळे एकाच साखळीतले आहे. परतीच्या वेळी मी कितीही वाद घातला असता तरी पारडे त्याच्याच बाजूने झुकलेले होते, कारण ते पाच दिवस आधी पहाटेच झुकवले गेले होते.

यंदा जानेवारीत आईला पुन्हा कवळ्याला न्यायचे होते. या वेळी परवानाधारक व्यावसायिकाकडून काळ्या पाटीची गाडी घेतली. दिवसाला पाचशे रुपये जास्त पडले. गाडी पहाटे न घेता आम्ही आधी मुक्कामी जाऊन सकाळी दहाला, लख्ख उन्हात घेतली. मडगावच्याच त्या गृहस्थांनी गाडीचे चित्र छापलेला कागद काढला आणि मी काही म्हणण्याआधीच स्वतः एकेका ओरखड्यावर बोट ठेवून चित्रात फुल्या मारल्या. एकूण अकरा फुल्या झाल्या आणि खाली दोघांनी सह्या केल्या. मी बंपरची खालची कड, चारही चाकांच्या रिमा, पुढची काच, छत, स्टेपनी आणि पेट्रोलच्या काट्यासह किलोमीटरचा आकडा यांचे सलग चित्रीकरण केले आणि ते त्यांच्यासमोरच त्यांच्या क्रमांकावर पाठवले, म्हणजे तारीख आणि वेळ दोघांकडेही राहिली. ओळखपत्र म्हणून त्यांनी माझ्या वाहन चालवण्याच्या परवान्याची प्रत घेतली, मूळ काहीच ठेवून घेतले नाही. आधारची प्रत कुणी मागितलीच तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत देता येते, हेही या वेळी मी तयार ठेवले होते.

परत करताना आम्ही स्थानकाचा विचारच सोडून दिला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, दिवस असताना, त्यांच्या जागेवर गाडी नेऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी स्थानकावर जायला रिक्षा केली, तिला लागलेले पैसे मला मुळीच जड वाटले नाहीत. त्यांच्या मुलाने तोच कागद हातात घेऊन गाडीभोवती फेरी मारली, नवीन काही नाही असे लिहून सही केली आणि त्या कागदाचा फोटो मला काढू दिला. ई-चलन आले आहे का हे पाहण्यासाठी अनामत रक्कम तीन दिवस ठेवू असे ते म्हणाले, तेव्हा क्षणभर माझ्या पोटात गोळा आला, पण ही मुदत त्यांनी पावतीवर आधीच लिहिलेली होती. चौथ्या दिवशी सकाळी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली.

ज्यांना मी सांगितलेल्या पहिल्या अनुभवासारख्या प्रसंगात, गाडी सुटायच्या घाईत, पैसे द्यावेच लागतील, त्यांनी निदान ते रोख देऊ नयेत. मोबाइलवरून देताना तपशिलाच्या जागी गाडीचा क्रमांक आणि ‘नुकसानीचा आरोप अमान्य, आक्षेपासह दिले’ असे लिहावे, पाटीचा आणि दाखवल्या जाणाऱ्या ओरखड्याचा अगदी जवळून फोटो काढावा, आणि खाचेत माती, मेण किंवा पॉलिश साचलेले आहे का ते नखाने पाहावे. माझ्याकडचे दोन्ही फोटो, रक्कम दिल्याचा तपशील आणि गाडीचा क्रमांक मी तक्रारीसोबत जोडला आहे. त्या क्रमांकावरून मालकाचा शोध लागला तर पुढचा पत्रव्यवहार त्याच्या नावाने करणार आहे.