नुसती गाठ काढायची की पूर्ण स्तन?

स्तनाचा कॅन्सर झालेल्या गोंदियाच्या मावशीपुढे नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही पर्याय ठेवले, तर ती म्हणे, "तुम्हीच ठरवा." नाही मावशी, शरीर तुझं आहे.

आयुष्य: सुरुवातीच्या टप्प्यात दोन्हींत सारखंच. अमेरिका आणि इटलीतल्या रुग्णांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यात (२००२) हेच दिसलं. त्याच जागी कॅन्सर परतण्याचा धोका मात्र गाठच काढल्यास थोडा जास्त.

फेऱ्या: गाठ काढल्यावर सहसा रेडिएशन (किरणांचे उपचार), साधारण ३ ते ५ आठवडे, आठवड्यातले ५ दिवस. म्हणजे नागपुरात खोली, सोबतीला माणूस, त्याची बुडालेली मजुरी. बिलात न दिसणारा हा खर्च आधी मोजा. पूर्ण स्तन काढल्यावर रेडिएशन बरेचदा टळतं. पण काखेत कॅन्सर पोचला असेल तर तेव्हाही ते लागू शकतं.

राहायची सोय आहे, स्तन जपायचा आहे, तर गाठच काढा. फेऱ्या झेपणार नसतील किंवा त्या बाजूला आधी रेडिएशन झालं असेल, तर पूर्ण स्तन.