सीमॉन्स्टर्स, द वेडिंग प्रेझेंट: आवाज वाढवूनच ऐका

द वेडिंग प्रेझेंट हा इंग्लंडमधल्या लीड्सचा रॉक बँड 1985 पासून चालूय, मेंबर किती आले नि गेले ते मोजायच्या भानगडीत पडू नका, गायक डेव्हिड गेज तेवढा पहिल्यापासून टिकून आहे. 1992 ला यांनी दर महिन्याला एक असे बारा सिंगल काढले आणि बाराच्या बारा ब्रिटनच्या टॉप 30 मध्ये! पण माझ्यासाठी खरा माल म्हणजे 1991 चा 'सीमॉन्स्टर्स' हा अल्बम, स्टीव्ह अल्बिनी या रेकॉर्डिंग इंजिनिअरने अमेरिकेत मिनेसोटात रेकॉर्ड केलेला. पहिलंच गाणं 'डॅलियन्स', सुरुवात एकदम हळू, गेज जवळजवळ कानात पुटपुटतोय, म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मग शेवटाकडे गिटारी अशा काही अंगावर येतात की शेजारी भिंत ठोकतात (आमच्याकडे ठोकली). रडगाणी प्रेमभंगाचीच, पण समोर बसून बोलल्यासारखी. गिटारीत शब्द बुडतात ही तक्रार बरोबरय, मला तर तेच आवडतं. सेकंडहँड एलपी मागवली होती, कव्हरचा कोपरा दुमडूनच आला, जाऊ दे. नवीन असाल तर आधी 1987 चा 'जॉर्ज बेस्ट' लावा, कव्हरवर खुद्द तो फुटबॉलवाला आहे, आणि गाणी नुसती पळत सुटतात.