स्कॉटलंड आणि कॅटलोनिया : स्वातंत्र्याचा कोणाचा दावा अधिक न्याय्य?

बडोद्यातील आमच्या वाचक गटाने पुढच्या बैठकीसाठी हा विषय घेतला आहे. कोणत्या बाजूने बोलावे हे ज्यांचे अजून ठरलेले नाही, त्यांच्यासाठी हे टिपण. तक्रार किती खरी आहे आणि ती मिटवण्याचे सनदशीर मार्ग खुले आहेत का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.

तक्रारीपुरते पाहिले तर स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताचे पारडे जड आहे. १७१४ मध्ये तिथली राजधानी बार्सिलोना वेढ्यानंतर पडली आणि तिथल्या स्वायत्त संस्था मोडीत निघाल्या. पुढे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने कॅटलन भाषेला शाळांतून आणि सरकारी कामकाजातून हद्दपार केले. स्कॉटलंड मात्र १७०७ मध्ये दोन्ही संसदांच्या संमतीने इंग्लंडशी जोडला गेला आणि आपला कायदा व चर्च त्याने राखले. अर्थात, १९७८ च्या स्पॅनिश राज्यघटनेला कॅटलोनियाच्या मतदारांनी ९० टक्क्यांहून अधिक कौल दिला होता, त्यामुळे केवळ जुन्या जखमांवर आजचा हक्क उभा राहत नाही. ताजी जखम २०१० ची आहे : जनमताने मंजूर झालेल्या २००६ च्या स्वायत्तता कायद्याची १४ कलमे घटना न्यायालयाने पूर्णतः वा अंशतः रद्द केली.

मार्गाच्या कसोटीवर चित्र उलटते. स्कॉटलंडने लंडनशी करार करून १८ सप्टेंबर २०१४ रोजी मतदान घेतले; ८४.६ टक्के लोकांनी मत दिले, ५५.३ टक्क्यांनी स्वातंत्र्य नाकारले आणि निकाल मान्य झाला. कॅटलोनियात माद्रिदने, म्हणजे स्पेनच्या सरकारने, असा करार नाकारला, हे खरे. परंतु स्वायत्तता कायदा बदलण्यासाठी दोन तृतीयांश बहुमत लागत असताना तिथल्या संसदेने १३५ पैकी ७१-७२ मतांवर फुटीचे कायदे संमत केले. १ ऑक्टोबर २०१७ च्या मतदानात सुमारे ९० टक्के कौल बाजूने पडला, पण मतदान जेमतेम ४३ टक्के झाले. मतदारांवर चालवलेल्या लाठ्या आणि नऊ नेत्यांना झालेली ९ ते १३ वर्षांची शिक्षा मला अन्याय्य वाटते. तरीही त्या अन्यायाने घरी बसलेल्यांची संमती मिळाली असे होत नाही.

इथे बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. १ मे १९६० रोजी मुंबई राज्य विभागले गेले आणि इथली मराठी घरे गुजरातेत आली. ती सीमा एका देशातल्या दोन राज्यांमधली होती, नागरिकत्वाला धक्का लागला नाही. कॅटलोनियात स्पॅनिश बोलणारी, दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातून आलेल्या कामगारांची असंख्य कुटुंबे आहेत आणि त्यांचा देशच बदलणार आहे; म्हणून तिथे निसटते बहुमतही मला पुरेसे वाटत नाही.

स्कॉटलंडची दुसऱ्या मतदानाची मागणी मला न्याय्य वाटते, कारण २०१६ मध्ये ६२ टक्के स्कॉटिश मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल देऊनही त्यांना बाहेर पडावे लागले, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर लंडनच्या संमतीवाचून मतदान घेता येत नाही. कॅटलोनियाची बाजू घेणाऱ्याने २०१७ च्या एकतर्फी स्वातंत्र्यघोषणेचे समर्थन न करता, माद्रिदने मान्य केलेल्या मतदानाची मागणी मांडावी.