हापूस थेट विकायचा तर: सर्चमधली जाहिरात की एसईओ?

दरवर्षी फेब्रुवारी लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "बागेतला आंबा यंदा थेट गिऱ्हाइकाला द्यायचाय, वेबसाइट करून घेतली आहे. आता पैसे कुठे घालू? गूगलवर जाहिरात करू की एसईओ करून घेऊ?" एसईओ म्हणजे जाहिरातीचे पैसे न देता गूगलच्या शोधात साइट वर यावी म्हणून साइटवर करायचं काम. हातात बहुतेकदा वीस-पंचवीस हजार असतात. ते दोन्हीकडे वाटले तर कुठेच पुरत नाहीत, म्हणून एकाची निवड करावी लागते.

देवगडच्या आमच्या बागेची साइट गेले सहा हंगाम मी पुण्यात बसून सांभाळतो. झाडं, मोहोर, फवारणी, तोडणी हे सगळं चुलतभाऊ बघतो. या सहा वर्षांत मी दोन्ही गोष्टी करून पाहिल्या आहेत आणि माझा कल एका बाजूला झुकलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. शिवाय हा एका बागेचा अनुभव आहे. कोकम, मसाले, फराळ विकणाऱ्यांना तो बराचसा लागू पडेल असं वाटतं. बारा महिने चालणाऱ्या मालाचं गणित वेगळं असू शकेल.

आधी जाहिरातीची बाजू, कारण तिच्यात एक गोष्ट अशी आहे जिला तोड नाही. ती म्हणजे वेळ. एका वर्षी पाडव्याच्या आदल्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर जाहिरात चालू केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याहून दोन पेट्यांची ऑर्डर आली. साइट तेव्हा नवी होती, शोधून कुणाला सापडली नसती. आंबा तोडला की थांबत नाही. पेट्या भरून पडवीत रचलेल्या असताना "चार-सहा महिन्यांत लोक यायला लागतील" हे उत्तर काही कामाचं नसतं.

नवख्या माणसाला वाटतं की जास्त बोली (एका क्लिकला किती पैसे देणार तो आकडा) लावेल तो वर. तसं अगदी नाही. बोलीबरोबर जाहिरात त्या शोधाला किती जुळते आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कसं आहे, हेही धरलं जातं. त्यामुळे आमच्यासारख्याची लहान बोलीही कधीकधी वरती दिसते. पण अडचण अशी की 'देवगड हापूस' या दोन शब्दांवर सगळेच एकाच महिन्यात तुटून पडतात. जानेवारीत ज्या क्लिकला किरकोळ पैसे पडतात, त्याच क्लिकला अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात आम्हाला कितीतरी जास्त मोजावे लागले आहेत. खर्च मांडताना आणखी दोन गोष्टी धरा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. आणि रोजचं बजेट ५०० रुपये ठेवलं तर गर्दीच्या एखाद्या दिवशी १,००० पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा हिशोब जुळवून घेतला जातो हे खरं, पण ज्याचा हंगामच जेमतेम दीड महिन्याचा आहे त्याला एका दिवसात दुप्पट पैसे गेलेले जाणवतात.

एवढं असूनही मी जाहिरातीवरच राहिलो असतो. माझं मन फिरलं ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे.

दुसऱ्या हंगामात मी 'हापूस आंबा' हा कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द, ब्रॉड मॅचवर ठेवला होता. म्हणजे त्याच्याशी थोडाफार संबंध असलेल्या शोधांवरही जाहिरात दिसते. नवीन कीवर्ड टाकला की तो तसाच असतो, आणि मी तो बदलला नाही, ही चूक माझीच. क्लिक भरपूर येत होते. सकाळी सहा ते नऊमध्ये तर दिवसाचं निम्मं बजेट उडायचं. मला आनंद व्हायचा, की लोक सकाळी उठून आंबा शोधतायत. दहा दिवसांनी एका रात्री कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली त्याची यादी उघडली. 'हापूस आजचा भाव वाशी'. 'आंबा कलम किंमत'. 'आमरस किती दिवस टिकतो'. 'हापूस रेट टुडे एपीएमसी'. 'आंबा झाडाला मोहोर येण्यासाठी उपाय'. पानामागून पान हेच. सकाळी सहाला आंबा शोधणारी ती माणसं गिऱ्हाईक नव्हती. ते माझ्यासारखेच बागायतदार होते किंवा दलाल, उठल्या उठल्या मार्केटचा भाव बघत होते, आणि त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे मी भरत होतो.

यावर उपाय आहे, निगेटिव्ह कीवर्ड. नको असलेले शब्द टाकायचे, मग त्या शोधांवर जाहिरात जात नाही. मी बसलो टाकायला. 'भाव' टाकला तर 'दर' राहिला, कारण नको असलेल्या शब्दाचे समानार्थी शब्द आपोआप अडवले जात नाहीत. 'दर' टाकला तर 'रेट' राहिला. मग तेच सगळं रोमन अक्षरांत, कारण आपल्याकडे निम्मे लोक मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवर लिहितात, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. मग हिंदीतून 'आज का भाव'. कलम, रोप, झाड, खत, मोहोर, तुडतुडे, रेसिपी, लोणचं. हे सगळं दोन रात्रींत झालं, त्याचंही काही वाटलं नाही. अडलो ते 'किंमत' या शब्दापाशी. भाव बघणारा बागायतदार 'हापूस किंमत' असंच टाकतो आणि पुण्यातली एखादी गृहिणी पेटी मागवायच्या आधी 'हापूस किंमत' असंच टाकते. शब्द तोच, माणूस वेगळा. तो शब्द बंद केला तर खरं गिऱ्हाईक जातं, चालू ठेवला तर पैसे जातात. जाहिरातीत या गाठीला सोडवण मला आजवर सापडलेली नाही. बोली कमी केली, जाहिरातीच्या मजकुरातच 'पाच डझनांची पेटी, घरपोच' असं स्पष्ट लिहिलं, त्यामुळे थोडा फरक पडला. पण क्लिक करणारा वाचून क्लिक करतोच असं नाही. ज्यांचं बजेट मोठं आहे त्यांना हा तोटा पचतो. पाचशे रुपये रोज लावणाऱ्याला तो पचत नाही, निदान मला पचला नाही.

एसईओची बाजूही काही सोवळी नाही. आमच्या पहिल्याच वर्षी एकाने 'पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी' म्हणून पैसे घेतले आणि कुठल्या कुठल्या साइटवर आमच्या लिंका टाकून दिल्या. त्या साइटचा आंब्याशी काही संबंध नव्हता. उपयोग शून्य झाला, आणि अशा लिंकांमुळे उलट नुकसान होऊ शकतं हे मागाहून कळलं. पहिल्या क्रमांकाची खात्री कुणीच देऊ शकत नाही, तेव्हा जो देतो त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. दुसरं म्हणजे थांबावं लागतं. काही बदल दोन-चार दिवसांत दिसतात, पण नव्या साइटवरची पानं वर यायला आमच्याकडे सरळ एक हंगाम गेला. तो हंगाम माझ्या चुलतभावाने मला रोज "काय झालं तुझ्या वेबसाइटचं?" असं विचारत काढला.

पण त्या रात्री जी यादी बघून मी चिडलो होतो, तीच पुढे कामाला आली. 'आमरस किती दिवस टिकतो' विचारणाऱ्याच्या क्लिकला पैसे मोजणं मला परवडत नव्हतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर साइटवर लिहून ठेवायला एक संध्याकाळ पुरली. त्या पानावर तो फुकट येतो, आणि आमरस करणाऱ्या घरात आंबे लागतातच.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अढीच्या, म्हणजे कच्चा आंबा पेंढ्यात घालून पिकवण्याच्या, पानाचा. शहरातल्या गिऱ्हाइकाची नेहमीची तक्रार असते, "आंबे हिरवे आलेत." ते तसेच यायला हवेत, कच्चे भरून पाठवलेले असतात, पण हे त्यांना कोण सांगणार? गणपतीत गावी गेलो तेव्हा काकूला पडवीत बसवलं आणि फोनवर रेकॉर्डिंग लावलं. ती तिच्या पद्धतीने सांगत गेली: खाली भाताचं पेंढं कसं पसरायचं, फळाला फळ किती लागू द्यायचं, रोज हात घालून चाळवायचं नाही, आठवडाभराने खोलीचं दार उघडल्यावर वास कसा येतो आणि त्या वासावरून काय ओळखायचं. पेंढं नसेल तर शहरात वर्तमानपत्राचा कागद आणि खोका कसा चालतो, तेही तिनेच सांगितलं. ते मी जवळजवळ तिच्याच शब्दांत लिहून काढलं. कापल्यावर आत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला तर तो का निघतो आणि बाहेरून का कळत नाही, हेही त्यात घातलं. हंगाम नसतानाही त्या पानावर लोक येत राहतात आणि फेब्रुवारीत त्यांतलेच काही फोन करतात. फोनवरचं बोलणं तेव्हा निम्मं झालेलं असतं. "तुमचं ते अढीचं वाचलं" असं म्हणून सुरू होणारा फोन आणि जाहिरातीवरून आलेला फोन यांत मला दर वेळी फरक जाणवतो. पहिला माणूस पत्ता सांगतो, दुसरा भाव विचारून ठेवून देतो. मोजमाप म्हणून हे फारसं टिकणार नाही, पण सहा वर्षांत ते बदललेलं नाही.

'खरा हापूस कसा ओळखावा' हेही असंच एक पान. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठराविक भागातल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर त्यात रायगड, ठाणे, पालघरही आहेत. लोकांना वाटतं ते फक्त देवगडचं आहे. मी सगळी नावं लिहिली, शेजाऱ्याच्या जिल्ह्याचीसुद्धा. त्याने आपलं गिऱ्हाईक जाईल अशी भीती चुलतभावाला वाटत होती. तसं झालं नाही.

हे करणाऱ्याने सर्च कन्सोल हे गूगलचं साधन साइटला जोडून घ्यावं, ते मोफत आहे. तिथे मागच्या १६ महिन्यांचे शोध दिसतात, आणि आंब्यासारख्या हंगामी मालाला हे फार सोयीचं पडतं, कारण यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशेजारी ठेवून बघता येतो. दरवर्षी 'हापूस २०२३', 'हापूस २०२४' अशी नवी पानं करून जुनी उडवू नका. एकच पत्ता ठेवा आणि त्याच पानावर दर बदला. मी पहिली दोन वर्षं पानं उडवली आणि दोन्ही वेळा शून्यापासून सुरुवात झाली. आणि एक गैरसमज: जाहिरात चालू ठेवली म्हणून खालच्या फुकटच्या निकालांत साइट वर जात नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत.

मग निवड कशी करायची? मार्च संपत आला असेल, पेट्या तयार असतील आणि साइट कोरी असेल, तर जाहिरातच करा, दुसरा मार्ग नाही. फक्त कीवर्ड एक्झॅक्ट मॅचवर, म्हणजे त्याच अर्थाच्या शोधावर जाहिरात दिसेल असे, ठेवा, 'देवगड हापूस ऑनलाइन', 'हापूस पेटी घरपोच' असे पाच-सहाच घ्या, जिथे पेटी पोचवू शकता तेवढीच शहरं ठेवा आणि शोधांची यादी रोज रात्री बघा, माझ्यासारखी दहा दिवसांनी नको. पण हातात एक पावसाळा असेल, तर ते वीस हजार मी जाहिरातीत घालणार नाही. चांगले फोटो, वेगाने उघडणारी साइट आणि दहा नीट लिहिलेली पानं यांत घालेन. आम्ही आता पाडवा ते अक्षय्य तृतीया एवढ्यापुरती छोटी जाहिरात ठेवतो, तीही दरवर्षी थोडी कमी करत. बाकीचं त्या पानांवर चालतं.

यंदा गणपतीत पायरी आंब्याचं पान लिहायचं आहे. काकूला सांगून ठेवलंय.