व्ही-क्रॉसला रॉक स्लायडर: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

इसुझु व्ही-क्रॉस हा पिकअप ट्रक घेऊन सह्याद्रीतल्या दगडी वाटांवर उतरलात की दारांखालच्या पत्र्याची काळजी लागतेच. थारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 2450 मिमी, या ट्रकचा 3095. पुढचं चाक दगडावरून उतरलेलं असतं, मागचं अजून लांब असतं आणि दगड नेमका दारांखाली येतो. उंची वाढवून, मोठे टायर घालून थोडी सोय होते, पण लांबी तेवढीच राहते. म्हणून विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि बंपरच्या आधी मी स्लायडर, म्हणजे दारांखाली दगडाचा मार झेलणारे लोखंडी पाइप, करून घेतले. आज पुन्हा ठरवायचं झालं तरी हाच क्रम ठेवेन.

बाजारातला फूटस्टेप म्हणजे स्लायडर नव्हे. तो माणसाचं वजन पेलण्यासाठी असतो. त्याच्यावर ट्रक टेकला की तोच वर दबून सिलचा, म्हणजे दारांखालचा, पत्रा चेपतो आणि मग दार नीट लागत नाही. स्लायडर चॅसिसलाच धरलेला हवा, बॉडीला कुठेही नाही.

काम भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे झालं. पाइप 40 एनबी (पाइपचं नाममात्र माप), सी क्लास म्हणजे जाड प्रकारचा: बाहेरून 48.3 मिमी, जाडी 4 मिमी. बी क्लासची जाडी 3.2 मिमी असते, पण वजनातला फरक मीटरमागे किलोभरही नाही. वजन वाचवायला बी क्लास घेण्यात काही अर्थ नाही.

पाइपची चर्चा सगळेच करतात, पण स्लायडर टिकतो की नाही ते ठरतं पाइपला चॅसिसशी जोडणाऱ्या त्याच्या पायांवर. ट्रकचं वजन पाइपवर आलं की प्रत्येक पाय तरफेसारखा चॅसिसला पिळतो. त्यामुळे पाय चॅसिसला जिथे भिडतो तिथे रुंद प्लेट पाहिजे, म्हणजे भार एका रेषेवर येत नाही. आम्ही चॅसिसच्या दोन्ही अंगांना 6 मिमीची प्लेट घेतली, वरून-खालून 12 मिमीचे 8.8 ग्रेडचे बोल्ट घातले आणि प्रत्येक पायाखाली गसेट (त्रिकोणी आधारपट्टी) दिला. दगडाने मागे रेटल्यावर प्लेट-बोल्टचा हा क्लॅम्प सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट चॅसिसच्या रिकाम्या भोकातून घेतलाय. थेट वेल्डिंग करा असं बरेच जण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. चॅसिसचा आतला रंग जळतो आणि तिथला गंज दिसतही नाही, हातालाही लागत नाही.

गाडीवर फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारले, तेही बॅटरीची टर्मिनल काढून. ब्रेकच्या लाइन आणि वायरिंग चॅसिसला लागूनच असतात, म्हणून पक्कं सीओटू वेल्डिंग खाली टेबलावर केलं. केबिन रबर माउंटवर बसलेली असल्यामुळे चॅसिसच्या तुलनेत थोडी हलते. सिल आणि पाइप यांच्यात दोन बोटांची फट त्यासाठीच सोडायची. पाइपला बाहेरच्या बाजूने साधारण 15 अंशांचा चढ दिलाय, त्यामुळे गाडी आडवी झुकली तरी दगड आधी पाइपला लागतो.

भोरकडच्या एका ओढ्यात याची खरी परीक्षा झाली. ओल्या बेसॉल्टच्या धोंड्यावरून मागचं डावं चाक घसरलं आणि ट्रक धाडकन स्लायडरवर बसला. हळूच ॲक्सिलरेटर देताच खर्रर्र करत पाइप धोंड्यावरून सरकला आणि गाडी पुढे निघाली. खाली वाकून पाहिलं: पाइपवर वीतभर लांब चकचकीत ओरखडा, रंग साफ गेलेला, पण बाक नाही. चारही दारं पूर्वीसारखीच लागत होती.

पावडर कोटिंगवर मात्र मी खूश नाही. दिसायला ते झकास दिसतं, पण दगडाने एकदा टवका उडाला की पाणी कडेने आत शिरतं, थर फुगतो आणि खालून गंज पसरतो. आता तेवढा भाग घासून एपॉक्सी प्रायमर आणि साधा काळा रंग मारतो. टवका उडाला तर घरच्या घरी डागडुजी होते. पाइपची टोकं बंद करून घेतली असतील तरी खालच्या बाजूला पाणी निघायला भोक ठेवाच. पावसाळ्यात माझ्या स्लायडरच्या भोकांतून तपकिरी पाणी ठिबकत होतं. भोकं नसती तर ते आतच साचलं असतं. पायांवर चिखलाचे थर बसतात, तेही प्रेशरने धुवून काढावे लागतात.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळले. एक-दोन किंचित ढिले झाले होते, नंतर नाहीत. दोन्ही स्लायडर मिळून चाळीसेक किलो भरतात, पण चालवताना किंवा डिझेलच्या खर्चात फरक जाणवला नाही. फार्म जॅक (गाडी उंच उचलणारा उभा जॅक) गोल पाइपवरून घसरतो, त्यासाठी खाच असलेला ॲडॉप्टर घ्या.

डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुल बारविरुद्ध (गाडीपुढे लावतात त्या लोखंडी गार्डविरुद्ध) कारवाई करायला सांगितलं होतं, त्यामुळे गाडीबाहेर डोकावणारं काहीही करताना जपून. माझे पाइप टायरच्या रेषेबाहेर जात नाहीत. ओल्या बुटाने पाइपवर पाय सटकतो, म्हणून वरून चेकर्ड प्लेटची पट्टी लावायचं काम तेवढं बाकी आहे.