कार्यशाळा 99 रुपयांची, कर्ज मात्र हजारोंचं

घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर हे वाचा. माझा भाचा लातूरला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन बिझनेसची कार्यशाळा, फक्त 99 रुपये’ ही इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून तो मित्रांबरोबर एका हॉटेलच्या हॉलवर गेला. धंदा शिकावासा वाटला, यात गैर काहीच नाही.

पण शिकवलं काय? पडद्यावर कुणाच्या तरी कमाईचे स्क्रीनशॉट, कानठळ्या बसवणारं संगीत आणि मधूनमधून ‘नोकरी म्हणजे गुलामी’. माल कुठून उचलायचा, पॅकिंग-कुरिअर धरून भाव कसा काढायचा, परत आलेल्या मालाचं काय करायचं, जीएसटी कधी लागतो, यातलं अवाक्षरही नाही. शेवटी 24,999 ची ‘मेंटॉरशिप’ निघाली. आत्ताच्या आत्ता 2,000 भरून ‘सीट लॉक’ केली तर 14,999. बाकीच्या पैशांची सोय दाराशीच होती. टेबलावरच्या मुलीने त्याचा मोबाइल घेतला आणि आधार, पॅन, ओटीपी भराभर उरकलं. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून त्याने ज्याला होकार दिला ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, त्याच्याच नावावर. हप्ता थकला, वसुलीचे फोन सुरू झाले, तेव्हा कुठे ताईला कळलं.

कोर्समध्ये सुरुवातीचे काही व्हिडिओ सोडले तर पुढे सगळं ‘नेटवर्क’. ओळखीच्यांची यादी करायची आणि दिलेल्या कागदावरचं वाक्य तसंच म्हणायचं. ‘मामा, दोन मिनिटं आहेत का? एक संधी आलीय, झूमवर सविस्तर सांगतो.’ फोनवर पैशांचा विषय काढायचा नाही, अशी ताकीद त्या कागदावर ठळक अक्षरांत होती. आपण ज्याला आणू त्यानेही हाच कोर्स घेतला की आपल्याला कमिशन. म्हणजे विकायला वस्तू एकच, तो कोर्स! माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर 1978 पासून कायद्याने बंदी आहे, आणि 2021 च्या थेट विक्री नियमांतही अशा पिरॅमिड योजनांना मनाई आहे.

‘आम्ही सरकारमान्य आहोत’ म्हणून त्यांनी दाखवलं ते उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र. ते कुणालाही घरबसल्या, फुकट, स्वतःच्या माहितीवर मिळतं. शिकवण्याच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. खरंच शिकायचं असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं असतात, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करता येते. तिथे संगीत नसतं, एवढंच.

रिफंड मागितला तर ‘आधी सगळे व्हिडिओ बघा, पाच जणांना जोडा, मग बोलू’. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि फायनान्स कंपनीला लेखी पत्र दिलं. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगातही 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. सध्या वसुलीचे फोन बंद झालेत, ते 2,000 मात्र अजून आलेले नाहीत. कुणी असं अडकलं असेल तर तक्रारीचा शब्द काढण्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपचे सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवा. भाच्याने रिफंड मागताच त्याला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. कमिशनच्या आश्वासनांचे मेसेज मित्राच्या मोबाइलवरून मिळाले.